आईच्या खोलीचं छत



‘संगणकावर बोल,’ असं आयोजकांनी सुचवलं होतं. ते मी ऑफिसात रोज बोलते. आज छत रंगवण्याबद्दल बोलते.

गेल्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं. इथल्या घरी ती बरेच दिवस पाठीवर होती. वर बघायचं तर पोपडे, रात्री एखादा उशीवर पडायचा. एका शनिवारी आईला ओटीवर हलवलं आणि डिस्टेंपरचा डबा घेऊन दुपारपर्यंत छत पांढरंशुभ्र केलं. संध्याकाळी टॉवेलाएवढा पापुद्रा लोंबत होता.

मग मागच्या बाकावरच्या आपल्या मित्राला फोन केला. तो रंगकाम करतो. समोरच बसलाय, पण नाव घेऊ नको म्हणालाय. त्यानं छतावर तळवा घासला आणि पांढरा झालेला हात माझ्यापुढे धरला. “हा तुझ्या बाबांचा चुना. दर दिवाळीला एक हात. तू छताला नाही, भुकटीला रंग दिलास.” रंग वाळताना आकसतो आणि खालचा सैल चुना ओढून घेऊन सुटतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे दोन आठवडे त्यानं मला रोलरला हात लावू दिला नाही. आधी गच्चीवरची भेग बुजवली. मुंबईला पाणी पाजणारा आपला तालुका, ते पाणी आधी आपल्या स्लॅबवरूनच जातं! स्लॅब वाळू दिला. मग चुना पाण्यानं भिजवून पत्र्यानं खरवडायचा. पांढऱ्याखाली निळसर थर निघाला. आई ओटीवरून म्हणाली, “तो ताईच्या लग्नाचा. नीळ जास्त पडली होती.” बाबा जाऊन सहा वर्षं झालीत. मी थोडा वेळ खाली उतरून बसले.

बद आवाज येणारा गिलावा पाडून नवा केला. मग प्रायमर, लांबीचे दोन पातळ हात, पॉलिश पेपरनं घासणं, पुन्हा प्रायमर. खरी गंमत विजेरीची. दिवे बंद करून ती छताला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. हाताला गुळगुळीत लागणाऱ्या जागी डोंगर-दऱ्या दिसतात. सावली दिसली की तिथं परत लांबी. असं तीनदा केलं. त्याला कंटाळा नाही. आमच्याकडे असा तपासनीस मिळत नाही.

रंग मॅटच घ्यायचा, चकाकीत प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. पंखा बंद ठेवायचा. शेवटचा हात खिडकीच्या उजेडाच्या दिशेनं मारायचा आणि कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चढवायचा. छत संपेपर्यंत थांबायचं नाही. आईनं पाठवलेला चहा गार झाला.

दोन दिवसांनी आईला आत आणलं. बराच वेळ वर बघून ती म्हणाली, “पंख्याजवळ एक रेघ दिसते गं.”

दिसते. तिथं मला ऑफिसचा फोन आला होता.