रेडिओतल्या माणसांचं जेवण

माझा आवाज ज्या डब्यातून येतोय, त्यात मी बसलेली नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण १९७१ साली मी सहा वर्षांची होते, तेव्हा मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आम्ही साताऱ्याला राहत होतो. माजघरात, आईनं विणलेल्या रुमालाखाली आमचा व्हॉल्व्हचा रेडिओ असे. बटण फिरवलं की तो लगेच बोलायचा नाही. आधी आतला दिवा लागायचा, मग घरघर, आणि मग कुठे आवाज. व्हॉल्व्ह तापायला तेवढा वेळ लागतो, हे पुढे शाळेत कळलं. तेव्हा माझ्या मते आतली माणसं झोपेतून उठून, तोंडबिंड धुऊन बोलायला बसायची. हात लावला तर खोकं गरम लागायचं. इतकी माणसं दाटीवाटीनं बसली तर उकडणारच! मागच्या पुठ्ठ्याला भोकं होती, त्या अर्थातच त्यांच्या खिडक्या.

ही माणसं बघायला माझ्या वयाच्या पुष्कळांनी रेडिओमागे डोकावलेलं आहे. माझी पंचाईत झाली ती दुसऱ्याच दोन गोष्टींमुळे.

एक म्हणजे लायसन. त्या वेळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात वर्षाला १५ रुपये भरावे लागत. १९८०च्या दशकात ती पद्धत बंद झाली. अण्णा पैसे भरून आले की म्हणत, "चला, रेडिओचे वर्षाचे पंधरा रुपये दिले." मी समजले, हा आतल्यांचा पगार. बातम्या देणारे, शेतीचं सांगणारे, गाणाऱ्या बायका, पेटी-तबलावाले... पंधरा रुपयांत एवढ्यांचं कसं भागणार?

दुसरी, आजीची गोष्ट. निजताना ती कृष्णजन्म सांगायची. कंसाला आकाशवाणी ऐकू आली, आणि ती बोलली तसंच अखेर झालं. आमच्या रेडिओवर तर रोज सकाळी कुणीतरी स्वच्छ आवाजात सांगायचं की ही आकाशवाणी आहे. हे नाव मुळात १९३०च्या दशकातल्या म्हैसूरच्या एका खासगी केंद्राचं, पुढे ऑल इंडिया रेडिओनं ते घेतलं; पण सहा वर्षांच्या पोरीला हे कोण सांगत बसणार? हा डबा बोलतो ते घडतं, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. धाकटे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत, पूर्वेच्या आघाडीवर होते. बातम्यांच्या वेळी घरात भांडं वाजलेलं चालेना. आजी जपमाळ घेऊन रेडिओसमोर बसायची. मला समजलं ते इतकंच, की काकांचं काय व्हायचं ते हा डबा सांगणार. आणि डब्यातली माणसं तर उपाशी. उपाशी माणूस कुणाबद्दल बरं बोलेल?

म्हणून मी त्यांना जेवू घालायला लागले. आधी शेंगदाणे, मग पोळीच्या बारीक सुरळ्या, चिवड्यातलं डाळं, गुळाचे खडे. तिखट काही नाही. घसा बसायचा त्यांचा. दूध घालायचाही बेत होता, पण वाटी फडताळावर होती आणि हात पोचला नाही.

आठवडाभरात मुंग्या आल्या. मुंग्यांमागून उंदीर. आणि एका सकाळी रेडिओ मुका झाला.

अण्णा कोपऱ्यावरच्या हॉटेलात बातम्या ऐकायला जाऊ लागले. ते परतले की आजी विचारायची काही नाही, नुसती त्यांच्या तोंडाकडे बघायची. अण्णा म्हणायचे, "काही नाही गं आई." मला मात्र खात्री झाली होती की आतली माणसं माझ्या हातचं खाऊन मेली. काकांबद्दल चांगलं बोलायला आता कुणी उरलं नव्हतं.

दुरुस्तीवाला आला. त्यानं मागचा पुठ्ठा काढला आणि आत बघतच राहिला. "वायर उंदरानं खाल्लीय," तो म्हणाला, "पण हे काय? पंगत बसली होती की काय इथं?" मी दाराआडून पाहिलं. काचेचे दिवे, धूळ, पोळीचे वाळके तुकडे. माणूस एकही नाही. म्हणजे मेली नव्हती, पळून गेली होती! केवढं हायसं वाटलं.

त्या रात्री आजीच्या कुशीत शिरून मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता धपाटा बसणार. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गूळ घातलास ना? बरं केलंस. मीही रोज त्याच्यापुढं चिमूटभर साखर ठेवते. अण्णांना सांगू नकोस."

१६ डिसेंबरला संध्याकाळी ढाक्याच्या शरणागतीची बातमी आम्ही आमच्याच रेडिओवर ऐकली. गल्लीत साखर वाटली गेली. आजी मात्र जागची हलली नाही. काकांचं नाव कुठं आलं नव्हतं. ते आलं जानेवारीत, त्यांच्याच अक्षरात. आजीला वाचता येत नव्हतं. अण्णांकडून तिनं ते पत्र तीनदा वाचून घेतलं आणि रेडिओवरच्या रुमालाखाली सरकवून ठेवलं.

उन्हाळ्यात काका रजेवर आले ते हातात ट्रान्झिस्टर घेऊन. जेमतेम वीतभर. "यात कोण मावणार?" मी विचारलं. काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि मग पेचकस आणून त्यांनी तो मला उघडून दाखवला. मला पटलं. तरी निजायच्या आधी मी त्याच्या झाकणापाशी एक शेंगदाणा ठेवला.

सकाळी तो तिथं नव्हता. काका म्हणाले, मी नाही खाल्ला.