वकिलाची सनद आणि सहकाऱ्याचें मौन



वर्गांत चहाडी करणाऱ्या मुलाला मीं कधीं उत्तेजन दिलें नाहीं. "तूं आपलें पाहा," असें म्हणून त्याला जागेवर बसवीत असें. त्यामुळें अमेरिकेंतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ सालचा एक निकाल वाचला, तेव्हां मी मनांतून अस्वस्थ झालों.

तिकडे प्रत्येक राज्याचें स्वतंत्र वरिष्ठ न्यायालय असतें आणि वकिलाची सनद अखेर बहुधा त्याच्याच हातीं असते. (न्यूयॉर्कमध्यें मात्र 'सुप्रीम कोर्ट' हें खालच्या न्यायालयाचें नांव! नवख्याची तेथें फसगत व्हावयाचीच.) आपल्याकडे १९६१ च्या कायद्यान्वयें वकिलाविरुद्धची तक्रार प्रथम महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलपुढें जाते.

आतां ती हकीकत. मोटारसायकलच्या अपघातांत एक बाई जखमी झाली. तिच्या वकिलानें भरपाईचे ३५,००० डॉलर वसूल केले आणि तिच्या वांट्याचे सुमारें २३,००० स्वतःच गिळंकृत केले. तेव्हां ती हिमेल नांवाच्या दुसऱ्या वकिलाकडे गेली. त्यानें करारनामा लिहिला: पहिल्या वकिलानें ७५,००० डॉलर द्यावे, आणि बाईनें फौजदारी, दिवाणी वा सनदेसंबंधीं कोणतीहि कारवाई करूं नये. पैसे आले नाहींत. तेव्हां हिमेलनें दावा लावून एक लाखाचा हुकूमनामा मिळविला. स्वतः त्यांतून छदामहि घेतला नव्हता.

पुढें हिमेलवरच चौकशी आली. तुम्हांला ठाऊक असतां सहकाऱ्याची चोरी कां कळविली नाहींत? तो म्हणाला, अशिलानेंच तसें सांगितलें होतें. चौकशीच्या एका मंडळानें खाजगी ताकीद सुचविली, दुसऱ्यानें तर प्रकरण काढून टाकावें असें म्हटलें. न्यायालयानें दोन्ही बाजूस सारून त्याची वकिली एक वर्ष बंद केली. हें कर्तव्य वकिलाचें स्वतःचें आहे, अशिलाच्या इच्छेनें तें सुटत नाहीं. वेळींच कळविलें असतें तर कदाचित् आणखी कांहीं लोक वांचले असते, हा न्यायालयाचा आशय.

येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या एका सहशिक्षकानें मुलांच्या परीक्षा-फीचे पैसे खर्चून टाकले होते. मीं त्याला एकांतीं गांठलें, पैसे भरावयास लावले आणि ती गोष्ट कोणालाहि सांगितली नाहीं. त्याच्या घरीं तीन लहान मुलें होतीं. दोन वर्षांनीं त्यानें पुन्हां तेंच केलें. त्या वेळीं एका विधवेच्या मुलाचें वर्ष फुकट गेलें. हिमेलनें केलें तेंच मींहि केलें होतें, पण माझी कोणी चौकशी केली नाहीं.

कॅलिफोर्नियांत मात्र असा नियम पुष्कळ काळ नव्हता. तेथील टॉमस जिरार्डी हा मोठा नामांकित वकील. २०१८ सालीं इंडोनेशियांत लायन एअरचें विमान समुद्रांत पडून १८९ माणसें मेलीं. त्यांतील कित्येकांच्या बायकामुलांना मिळालेल्या भरपाईचे लाखों डॉलर त्यानें त्यांना पोंचविलेच नाहींत. २०२२ त तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्याची सनद काढून घेतली. मग उघड झालें कीं चाळीस वर्षांत त्याच्याविरुद्ध २०५ तक्रारी आल्या होत्या! २०२४ त तो संघ-न्यायालयांत ज्यूरीपुढें दोषी ठरला, आणि २०२५ त त्याला सात वर्षें तीन महिन्यांची कैद झाली. त्याचें वय तेव्हां शहाऐंशी होतें. इतक्या वर्षांत त्याच्या आसपासच्या वकिलांना कांहींच कळलें नसेल, हें माझ्या मनाला पटत नाहीं.

१ ऑगस्ट २०२३ पासून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें नवा नियम लागू केला आहे. सहकाऱ्याचा फौजदारी गुन्हा, फसवणूक किंवा अशिलाच्या पैशाचा अपहार ठाऊक असेल, तर वकिलानें तो कळविलाच पाहिजे. अशिलानें विश्वासानें सांगितलेलें गुपित मात्र वगळलें आहे. इलिनॉयमध्येंहि ही सवलत होतीच. पण ती बाई हिमेलकडे बोलली ती आई व नियोजित वर यांच्या देखत, म्हणून तें गुपित ठरलें नाहीं. ती एकटी गेली असती तर निकाल कदाचित् निराळा लागला असता.