बॅटरीच्या आतला द्वारपाल
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी इलेक्ट्रोलाइटवर काम करतो. म्हणजे काय, ते आपल्या परंड्याच्या भाषेत सांगतो.

किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी असे. तो काहींना आत सोडी, काहींना अडवी. बॅटरीतला इलेक्ट्रोलाइट तेच करतो. आयनांना तो वाट देतो, इलेक्ट्रॉनांना अडवतो. मग इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने वळसा घालून जातात आणि त्या वळशात आपला दिवा लागतो.

घरच्या इन्व्हर्टरमध्ये हा पहारेकरी म्हणजे पाणी घातलेले सल्फ्युरिक आम्ल. प्लान्टे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये अशी बॅटरी केली. उन्हाळ्यात तिचे पाणी लवकर आटते. तेव्हा डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

मोबाइल आणि ई-बाइकच्या लिथियम बॅटरीत पाणी चालत नाही. तिथला दाब साडेतीन व्होल्टच्या वर असतो. पाणी सव्वा व्होल्टच्या आसपासच फुटू लागते. म्हणून तिथे सेंद्रिय द्रावक वापरतात आणि ते पेट घेतात. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, पोरांच्या हाती देऊ नका. न पेटणारा घन इलेक्ट्रोलाइट शोधण्यासाठी जगभर धडपड चालली आहे ती यासाठीच.

फ्युएल सेलमध्ये पहारेकरी म्हणजे प्लास्टिकचा पातळ पडदा. तो ओला असेल तरच प्रोटॉनांना सोडतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांच्या प्रयत्नांतून अशा सेलवरची मोटार 2020 मध्ये चाचणीत धावली, 2022 मध्ये बसही आली.

पण एक हिशेब आपण दुष्काळी तालुक्यातल्या माणसांनी विसरू नये. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. उद्या कोणी आपल्याकडे असा प्रकल्प आणतो म्हणाला, तर पहिला प्रश्न विचारा, "पाणी कुठले?"

हा प्रश्न विचारणारी मुले शाळेतच घडतात. त्यासाठी महागडी यंत्रे नकोत. लिंबू, तांब्याची तार, जस्ताचा खिळा आणि व्होल्टमीटर एवढे पुरे. लिंबाचा रस हाच इलेक्ट्रोलाइट. या मेळाव्याच्या निधीतला काही वाटा प्रयोगशाळेला द्यावा, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.