दिल्लीत बिगोनियाचे बिऱ्हाड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त श्रावण महिन्यात दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्यानंतर कुंडीतल्या एका झाडाविषयी बोलण्यास मी उभा आहे. वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. मी साधा बी.ए., आणि सारी हयात सरकारी फायलींत गेलेली. परंतु मोठ्या पानांचा बिगोनिया दिल्लीच्या हवेत वीसएक वर्षे घरी जगवीत आलो आहे, तेवढ्याच भांडवलावर आपला थोडा वेळ मागतो.

योगायोग असा की, या झाडाला नाव मिळाले तेही एका सरकारी अधिकाऱ्याचे. मिशेल बेगाँ (१६३८–१७१०) हा फ्रान्सच्या आरमारी खात्यातील प्रशासक. शार्ल प्लुमिए या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या सन्मानार्थ या कुळाला बिगोनिया हे नाव दिले. आज या कुळाच्या दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पान सरळ नसते. देठाच्या एका बाजूस मोठे व दुसऱ्या बाजूस लहान, असे ते तिरके वाढते. पुष्कळ जातींच्या देठांत ऑक्झॅलिक आम्ल असल्यामुळे त्यांची चव आंबट असते.

यांपैकी ज्याला रेक्स, म्हणजे लॅटिन भाषेत राजा, म्हणतात तो आपल्याच देशातला. आसामातून इंग्लंडला गेलेल्या ऑर्किडांच्या संगतीने तो युरोपात पोहोचला, असे सांगतात. १८५७ साली पुट्झेइस या बेल्जियन अभ्यासकाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हिरव्या पानावर उमटलेला तो रुपेरी पट्टा पाहून युरोपातील बागवान मोहून गेले, आणि आज दिसणारे जांभळे, तांबूस, रुपेरी असे असंख्य संकर त्याच्यापासून निपजले. आपल्या सह्याद्रीतही या कुळातली एक लहानशी जात आहे. पावसाळ्यात ओल्या कड्यांवर आणि गडांच्या सावलीतल्या खडकांवर तिची फिकट गुलाबी फुले दिसतात. पावसाळा सरला की ती दिसेनाशी होते. तिची गाठ तेवढी फटीत शिल्लक राहते.

आमच्या मातोश्री पाटण तालुक्यातल्या, कोयनेच्या खोऱ्यातल्या. वडील गेल्यानंतर त्या आमच्याकडे सरोजिनीनगरच्या सरकारी घरात राहावयास आल्या, त्या नेमक्या मे महिन्यात. जन्मभर पावसात राहिलेल्या बाईला येथली लू कशी मानवणार? त्या दार लावून आत बसून असत. शेजारची भाषा परकी, हवा परकी. जुलैत मी एका रोपवाटिकेतून रेक्सची कुंडी आणली. त्यांनी पान हातात धरले, उलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आमच्या कड्यावरचं. एवढं मोठं कसं झालं?" दुसऱ्या दिवसापासून त्या कुंडीचे खाते त्यांच्याकडे गेले. आज मी जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे त्यांच्या नित्याच्या निरीक्षणातून आलेले आहे.

प्रथम अडचण समजून घेऊ. बिगोनियाला साधारण अठरा ते सत्तावीस अंश तापमान, दमट हवा आणि गाळून आलेला प्रकाश लागतो. दिल्लीत यांतले काहीच सरळपणे मिळत नाही. सफदरजंग वेधशाळेत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंशांची, तर १६ जानेवारी १९३५ रोजी शून्याखाली ०.६ अंशाची नोंद झालेली आहे. वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबरात. पस्तीस अंशांच्या पुढे गेले की झाडाची वाढ थांबते, आणि त्यावर कोरडा वारा लागला की पानाच्या कडा करपतात. तेव्हा दिल्लीची हवा बदलण्याचा विचार सोडावा, आणि कुंडीभोवतालच्या हातभर जागेची हवा बदलावी. सारी युक्ती एवढीच आहे.

उन्हाळ्यात या कामी आपला कूलर हाच मोठा सहायक. पूर्वी वाळ्याच्या ओल्या पडद्यांनी जे होई तेच तो करतो. कोरडी हवा ओल्या जाळीतून येताना दहाबारा अंशांनी निवते आणि दमटही होते. कुंडी मात्र त्याच्या थेट झोतात ठेवू नये, बाजूस ठेवावी. कूलर नसेल तेथे मातोश्रींची रीत उपयोगी पडते: लहान मातीची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवावी, मधल्या जागेत वाळू भरावी आणि पाणी त्या वाळूला द्यावे. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने मुळे गार राहतात. खाली खडी पसरलेल्या ताटलीत पाणी ठेवावे. कुंडीचा तळ त्यात बुडता कामा नये. उत्तरेची अथवा पूर्वेची खिडकी उत्तम. दुपारचे ऊन वर्ज्य.

मातीविषयी सांगावयाचे तर कुंडी उथळ व रुंद घ्यावी, कारण मुळे खोल जात नाहीत. दोन भाग कुजलेल्या पानांचे खत, एक भाग जाड वाळू, एक भाग जुने शेणखत आणि मूठभर कोळशाचे तुकडे, हे मिश्रण मला मानवले आहे. जाड आडवे खोड मातीवर निजवून अर्धे उघडे ठेवावे. पुरले तर ते कुजते. बोटाच्या पेराइतकी माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. दिल्लीत बहुतेक बिगोनिया तहानेने मरत नाहीत, पाण्याने मरतात. येथले पाणी अनेक ठिकाणी जड असते, म्हणून पावसाचे पाणी साठविता आले तर सोने.

पावसाळ्यात झाड फोफावते. परंतु कोंदट हवेत कूज लवकर लागते, म्हणून कुंड्या दाटीने ठेवू नयेत. दिवस उबदार व रात्री गार होऊ लागल्या की पानांवर पांढरी भुरी येते. तेव्हा पाने भिजवू नयेत, हवा खेळती ठेवावी आणि बाधलेले पान काढून टाकावे. दिवाळीच्या सुमारास धूर आणि धूळ पानांवर बसते. ती मऊ कुंचल्याने झाडावी. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये कोळशाच्या धुरापासून नाजूक झाडे वाचविण्यासाठी नॅथॅनिएल वॉर्डने सुचविलेल्या काचेच्या पेट्या वापरीत. आपल्याकडे माशांची जुनी काचपेटी तेच काम करते. डिसेंबर–जानेवारीत कुंडी रात्री घरात घ्यावी आणि पाणी जवळजवळ तोडावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कडक उन्हाळ्यात किंवा थंडीत रेक्स कधी कधी सारी पाने टाकतो. लोक झाड मेले असे समजून कुंडी रिकामी करतात. तसे करू नये. खोड दाबून पाहावे. ते टणक असेल तर झाड विश्रांती घेत आहे. माती किंचित ओलसर ठेवून सावलीत थांबावे. हवा अनुकूल झाली की कोवळे, गुंडाळलेले पान वर येते. "गाठ शाबूत आहे ना? मग थांब," असे मातोश्री म्हणत.

दुसरा गुण याहून विलक्षण. निरोगी पान घ्यावे, मागच्या बाजूने जाड शिरा ठिकठिकाणी कापाव्यात आणि ओल्या वाळूवर पान सुलटे पसरून खराट्याच्या काड्यांनी टाचावे. वरून काच झाकावी. महिना-दोन महिन्यांत प्रत्येक छेदापाशी मुळे धरून नवे रोप उभे राहते. त्यासाठी हेच श्रावणाचे दिवस चांगले.

या गुणाचे मोल आम्हाला पुढे कळले. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात जुन्या सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. सरोजिनीनगर त्यांत होते. मातोश्री त्या आधीच्या हिवाळ्यात निवर्तल्या होत्या. संक्रांतीचे वाण आणि गणपतीची आरती एकत्र करणारी आमची सात मराठी बिऱ्हाडे द्वारका, नोएडा, गाझियाबाद अशी पांगली. निघण्यापूर्वी सौभाग्यवतींनी मातोश्रींच्या झाडाची पाने लावून प्रत्येक घरी एक रोप दिले. नंतरच्या एका कडाक्याच्या थंडीत आमचे मूळ झाड गेले. खोड हाताला मऊ लागले, तेव्हा मी कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात पालथी घातली आणि घरात त्याविषयी कोणी बोलले नाही. पुढच्या पावसाळ्यात नोएडास गेलेल्या वहिनी ओल्या कागदात गुंडाळलेले एक पान घेऊन आल्या. "तुमच्या आईंचंच आहे," एवढेच त्या म्हणाल्या. आज आमच्या खिडकीत आहे ते झाड त्या पानाचे.

मंडळाच्या पन्नास वर्षांविषयी वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे, मी त्यात भर घालीत नाही. माझा अनुभव इतकाच की, जे एका घरी राखून ठेवले त्याचा भरवसा नाही. जे सात घरी वाटले ते परत येते.

सभागृहाच्या दाराशी मेजावर बिगोनियाची काही पाने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहेत. देठ बोटभर राखला आहे. ज्यांना हवे त्यांनी एकेक घेऊन जावे, आज रात्रीच वाळूवर टाचावे, आणि रोप धरले की त्याचे एक पान शेजारी द्यावे.