वाचेल ना?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी परिचारिका होते. भाजलेली बाई दवाखान्यात आली की घरची माणसे मला एकच विचारीत, "बाई, वाचेल ना?" डॉक्टर याचा अंदाज कसा बांधतात ते आज सांगते.

अंगाचे शंभर भाग धरतात. डोके व मान मिळून ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८ आणि गुह्यभाग १. लहान मुलांचे डोके मोठे, म्हणून त्यांचा हिशेब निराळा. नुसती लाल झालेली कातडी मोजीत नाहीत. भाजलेल्या भागांत वय मिळवायचे. ही रीत फ्रान्सच्या डॉक्टर बो यांनी १९६१ साली मांडली. चाळीस भाग भाजलेल्या वीस वर्षांच्या सुनेची बेरीज साठ; तेवढ्याच भाजलेल्या सत्तरीच्या सासूची एकशेदहा! धूर छातीत गेला असेल तर आता आणखी १७ मिळवतात.

त्या काळी बेरीज शंभरावर गेली की आशा सोडीत. आज चांगल्या उपचारांनी त्यांतलेही पुष्कळ वाचतात. एका मुलीची बेरीज मी मनाशी केली आणि तिच्या आईला तोंड दाखवीना. ती मुलगी वाचली! तेव्हा कळले, बेरीज पुष्कळांची असते, एकटीची नव्हे. उलट, पहिल्या दिवशी रोगी बोलतो, पाणी मागतो, म्हणून निर्धास्तही राहू नये. जंतू पुढे घात करतात.

भगिनींनो, बेरजेतले वय आपल्या हाती नाही. भाजलेले भाग मात्र थोडेफार आहेत. आपल्या वाड्यांवर अजून चुली पेटतात. चुलीपाशी सुती लुगडे नेसा, पदर खोचा. पेट घेतलाच तर धावू नका. जमिनीवर लोळा, इतरांनी जाड घोंगडी टाकावी. मग वीस मिनिटे गार वाहते पाणी. बर्फ, शाई, तूप, दंतमंजन काही नको. स्वच्छ कोरड्या चादरीत गुंडाळा. तोवर कोणीतरी १०८ ला फोन करावा. कर्जत-खालापूरहून पनवेलमार्गे ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर गाठता येते. फार भाजले असेल तर तिथे पाठवायचे का, हे डॉक्टरांना लगेच विचारा.

"वाचेल ना?" हे विचारण्याआधी एवढे केले, तर उत्तर देणाऱ्या बाईचाही जीव थोडा हलका होईल.