ओसाड गिरणीत आपण काय पाहायला जातो?

(पक्षाच्या मुंबईतील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

गेल्या महिन्यात आपले काही तरुण कार्यकर्ते परळ भागातील एका बंद गिरणीची पाहणी करून आले. परवानगी रीतसर काढलेली होती आणि बरोबर एक निवृत्त साचेवाले होते, म्हणून मीही गेलो. नंतर मुलांनी काढलेली छायाचित्रे पाहिली. ती सुंदर होती, हे प्रथम कबूल करतो. गंजलेले बिडाचे खांब, फुटलेल्या काचांतून खाली उतरणारे ऊन, भिंत फोडून वर आलेला पिंपळ. परंतु त्या सगळ्या छायाचित्रांत एकही माणूस नव्हता. साचेवाले काका सर्व वेळ आमच्याबरोबर होते. चौकटीत येऊ नयेत म्हणून त्यांना दोनदा "काका, जरा बाजूला व्हा" असे सांगितले गेले, आणि ते निमूटपणे बाजूला झाले.

हे मी कोणाला बोल लावण्यासाठी सांगत नाही. ओसाड वास्तू धुंडाळण्याचा हा छंद जगभर पसरला आहे. आमच्या पिढीतील एखाद्या कठोर कार्यकर्त्याने त्याला सुखवस्तूंचे चोचले म्हणून मोडीत काढले असते. मी तसे करणार नाही. जी वास्तू आपल्या आजोबा-पणजोबांच्या घामावर उभी राहिली ती आतून पाहावी, असे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच आहे की, आत गेल्यावर आपल्याला काय दिसते?

प्रथम वास्तू वाचायला शिकले पाहिजे. गिरणीचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते, आणि त्याच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असतात. थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा, म्हणजे सुताचा दोष नजरेतून सुटू नये, हा त्यामागचा हिशेब. आवारातील तळे शोभेसाठी नव्हते. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, आणि कापसाला आग लागली तर तेच पाणी कामी येई. साचेखात्याच्या खिडक्या बंद ठेवीत, कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो. ज्या दमट उकाड्यात तुम्ही अर्धा तास उभे राहून कासावीस झालात, त्या उकाड्यात पूर्ण पाळी उभ्याने काढावी लागे. यंत्रे एव्हाना भंगारात गेली आहेत. लँकेशायरमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांकडून ती मुंबईत येत असत. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली, तेव्हापासूनचा हा व्यवहार.

आमचे काका मात्र छपराकडे पाहत नव्हते. ते जमिनीकडे पाहत चालले होते. एका खांबापाशी थांबून त्यांनी पायाने धूळ सारली, तर फरशीत बोल्टची चार भोके निघाली. "इथून तिसरा," ते म्हणाले. म्हणजे त्यांचा साचा. ते मोठ्याने बोलतात. साच्यांच्या खडखडाटात ज्यांची उमेद गेली त्यांपैकी बहुतेकजण तसेच बोलतात.

त्याच जागी मला दुसरी एक गोष्ट आठवली, जी कोणत्याही भिंतीवर दिसत नाही. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे. या कारणासाठी सवर्ण कामगार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात येऊ देत नसत, आणि साचेखात्याची मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली होती. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. पुढाऱ्यांनी ती मागणी मान्य केली, पण खुशीने नव्हे. गिरणगाव म्हणजे श्रमिकांच्या एकजुटीचे माहेर, असे आपण भाषणांतून सांगतो. ते खरे आहे. पण ती एकजूट ज्या खात्याच्या दाराशी अडखळली ते दारही त्याच वास्तूत आहे, आणि आपल्याला ते दाखवता आले पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उजाड वास्तू पाहताना मनुष्य हळवा होतो. काळ सगळ्यांना गिळतो, वैभव जाते, झाडे उगवतात, असे काहीतरी त्याला वाटू लागते. मित्रहो, रायगडाच्या पायऱ्यांवर तसे वाटले तर मी समजू शकतो. गिरणीच्या बाबतीत ही भावना फसवी आहे. ही वास्तू काळाने ओसाड केलेली नाही. ती माणसांनी, कागदावर सह्या करून ओसाड केली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप कोणी विधिवत मागे घेतल्याची नोंद नाही, आणि सर्व खापर त्या संपावर फोडणे सोयीचे पडते. परंतु संपानंतर बऱ्याच गिरण्या कमी कामगारांवर पुन्हा चालू झाल्या होत्या. त्यांना कायमची टाळी लागली ती पुढील वर्षांत, जेव्हा कापडापेक्षा पायाखालची जमीन अधिक मोलाची ठरली तेव्हा.

गिरणगावात अशी सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली सरकारने हा नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ मोकळ्या जमिनीची होईल, असे ठरले. ज्या जमिनीवर बांधकाम उभे आहे ती वाटणीतून वगळली गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जे पडके साचेखाते तुम्हाला निरुपयोगी आणि म्हणून मोहक वाटले, ते निरुपयोगी मुळीच नव्हते. त्याच्या भिंती उभ्या होत्या एवढ्याच आधारावर त्याखालची जमीन शहराच्या आणि घरांच्या वाट्यातून सुटली. भिंती नंतर पाडल्या तरी ती जमीन वाट्यात परत आली नाही. आत एक साचा चालत नव्हता, पण ते छप्पर मालकासाठी पाळी भरत होते. त्या सुमारास, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे दोन हजार कोटी रुपयांना विकल्या. त्यांतील एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी आले. उलट बाजूला २८ जून २०१२ रोजी गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली, तेव्हा घरे होती ६,९२५ आणि अर्ज आले होते दीड लाखाच्या घरात.

म्हणून माझी सूचना अशी की, पुढच्या वेळी कॅमेऱ्याबरोबर मोजपट्टी न्या. कोणते खाते किती लांब-रुंद, किती जमीन बांधकामाखाली, किती मोकळी, याची नोंद करा. मग महानगरपालिकेतील नकाशे मागवा आणि ताडून पाहा. मुंबईत महामंडळाच्या ज्या शेवटच्या गिरण्या चालत होत्या त्या २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीबरोबर थांबल्या. त्यांच्या भिंतींचे माप आपल्याजवळ असणे आवश्यक आहे. आणि परवानगीवाचून, कुंपण ओलांडून कोणीही जाऊ नये. कुजलेले माळे आणि उघडी टाकी तुमचे वय विचारत नाहीत.

अन्य देशांत अशा जागा जपल्या गेल्या आहेत. जर्मनीतील फोल्क्लिंगेनचा लोखंड-कारखाना १९८६ मध्ये बंद झाला आणि १९९४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. अमेरिकेतील लोवेल या गिरण्यांच्या गावी १९७८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. आपल्याकडेही काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे महानगरपालिकेने योजले. संग्रहालय अवश्य व्हावे. परंतु त्यात चिमणी राहील, साचा राहील, भोंगाही वाजेल, आणि संप एका काचेच्या कपाटात मावेल, अशी भीती मला वाटते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांना बोलते करून २००४ मध्ये त्यांचा मौखिक इतिहास ग्रंथरूपाने आणला. हे काम दोन अभ्यासक स्त्रियांनी केले. आपल्या पक्षांनी आणि संघटनांनी ते आधी का केले नाही, याचे उत्तर माझ्याजवळ असले तरी ते सांगताना मान वर होत नाही. चाळीतील खोल्यांमधून चालणाऱ्या आपल्या कचेऱ्यांची इतिवृत्ते, वर्गणीची पुस्तके, हँडबिले आपणच रद्दीत घातली. गिरणीमालकाने यंत्रे भंगारात विकली तेव्हा आपण निषेधाचे ठराव केले, आणि ते ठरावही जपून ठेवले नाहीत.

पुढील पाहणी येत्या महिन्यात ठेवायची आहे. काकांनी येण्याचे कबूल केले आहे, पण एक अट घातली आहे. ते म्हणाले, "मला फक्त माझं खातं ठाऊक. वाइंडिंगमधली कोणी बाई असेल तर तिला आणा. आमच्या आधी त्यांनाच घरी बसवलं होतं, आणि तेव्हा आम्ही काही बोललो नव्हतो." डिलाईल रोड, करी रोड, शिवडी या बाजूला राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपापल्या चाळींत चौकशी करावी आणि अशा बाईंचे नाव पुढील बैठकीपूर्वी माझ्याकडे द्यावे.