ऐकीव गोष्ट आणि पारखलेली गोष्ट
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विज्ञान आपण परीक्षेसाठी शिकतो. परंतु अफवा उठली की ते दप्तरातच राहते. दोन उदाहरणे आपणांपुढे ठेवतो.

१८ ऑगस्ट २००६ रोजी मुंबईत माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली. लोकांची झुंबड उडाली. कोणी ते पाणी प्याले, कोणी बाटल्या भरून घरी नेल्या. पाणी पिऊ नका, असे महानगरपालिका बजावत होती. त्या खाडीला मिठी नदी मिळते आणि ती शहराचे सांडपाणी घेऊन येते. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी भरपूर उतरते. खाऱ्या पाण्याहून ते हलके असल्याने वर तरंगते. वरची ओंजळ कमी खारट लागणारच! घनतेचा हा धडा शाळेच्या पुस्तकात असतो.

दुसरी अफवा अधिक घातक ठरली. पोलिओच्या डोसाने मुलांना पुढे संतती होत नाही, अशी कुजबूज उत्तर प्रदेशातील आपल्या अनेक वस्त्यांत झाली. डोस पाजणाऱ्यांना दारे बंद झाली. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण आढळले, त्यांतील बहुसंख्य त्याच राज्यातील होते. बाटलीतले पाणी ओतून देता येते. लुळा पडलेला पाय पूर्ववत करता येत नाही.

पण ही दारे पुन्हा उघडलीही. मशिदींतून इमामांनी आवाहन केले, अलीगढ आणि जामिया मिल्लिया या विद्यापीठांनी हातभार लावला. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. समाज अडाणी नव्हता. त्याला विश्वासातल्या माणसाने समजावून सांगायला हवे होते.

विद्यार्थी मित्रहो, घरातले ते विश्वासाचे माणूस तुम्ही व्हा. आज अफवा मोबाईलवरून क्षणात येते. ती पुढे धाडण्यापूर्वी विचारा: हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? ते पडताळता येईल काय? याचे दुसरे साधे कारण असेल काय? हजार वर्षांपूर्वी इब्न-अल-हैसम यांनी प्रकाशाविषयीची थोर विद्वानांची मतेदेखील प्रयोगावर घासून पाहिली. पालकांनो, मुलाने ‘कशावरून?’ असे विचारले तर त्याला उद्धट म्हणू नका. त्या प्रश्नासाठीच आपण त्याला शाळेत घातले आहे.

खुदा हाफिज.